झीज, उजाळा आणि घडण : जुन्या इंग्लिश चांदीच्या भोजनपात्रांच्या मूल्यमापनाचा प्रश्न

प्रास्ताविक

इंग्लंडमधील जुन्या चांदीच्या भोजनपात्रांविषयीचे लेखन विपुल आहे. त्यातील मोठा भाग मात्र पात्रांविषयी नसून पात्रांवरील मुद्रांविषयी आहे. सर चार्ल्स जॅक्सन यांचा इंग्लिश सुवर्णकार व त्यांच्या मुद्रा यांवरील ग्रंथ १९०५ मध्ये आणि त्याची सुधारित आवृत्ती १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १९७६ मध्ये आर्थर ग्रिमवेड यांनी १६९७ ते १८३७ या काळातील लंडनच्या सुवर्णकारांच्या मुद्रा आणि चरित्रे एकत्र आणली. हे दोन्ही ग्रंथ कष्टाचे आणि अनिवार्य आहेत. परंतु त्यांच्या प्रभावामुळे वस्तू हातात घेताच ती उलटी करून मुद्रा वाचायची आणि नाव सापडले की पारख संपली असे मानायचे, अशी एक सवय संग्राहकांमध्ये व काही अंशी अभ्यासकांमध्येही रुजली. मुद्रेनंतर उरते ती वस्तूची 'स्थिती'. लिलावाच्या सूचीत ती शेवटच्या एका ओळीत येते : उत्तम, चांगली, झिजलेली, दुरुस्त केलेली.

चांदीच्या बाबतीत स्थिती आणि कारागिरी यांची अशी फारकत टिकणारी नाही. चांदी मऊ आहे, ती घासली जाते, ठोकली जाते, वितळवली जाते. अठराव्या शतकातील कारागिराने केलेल्या कामापैकी आज जे काही दिसते ते पृष्ठभागावरच दिसते, आणि दर वेळी उजाळताना हाच पृष्ठभाग थोडाथोडा निघून जातो. म्हणून स्थिती वाचणे म्हणजे घडणीचा शिल्लक राहिलेला पुरावा वाचणे होय. 'झीज' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात आणि त्यामुळे मूल्यमापन चुकते, हा प्रस्तुत विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे. वापराने आलेली झीज, उजाळण्याने झालेली हानी आणि नंतरच्या हातांनी केलेला फेरफार, अशा या तीन गोष्टी होत.

घडण

शुद्ध चांदी भांड्यांसाठी फार मऊ असते. इंग्लंडमध्ये हजारात ९२५ भाग चांदी आणि उरलेले बहुधा तांबे, हे स्टर्लिंगचे प्रमाण मध्ययुगापासून रूढ आहे. इ.स. १३०० च्या कायद्याने या कसाच्या वस्तूंवर बिबट्याच्या मुखाची मुद्रा आवश्यक ठरवली. १३६३ मध्ये कारागिराची मुद्रा आणि १४७८ मध्ये वर्षाक्षर आले. १५४४ पासून चालता सिंह दिसू लागला. लंडनच्या सुवर्णकार संघाच्या सभागृहात, म्हणजे 'हॉल'मध्ये, कस लावून मुद्रा उमटवली जाई. 'हॉलमार्क' हा आज आपल्याकडील सराफी पेढीवरही रुळलेला शब्द तेथून आलेला आहे.

पेला, किटली, कॉफीपात्र अशी पोकळ भांडी करण्याची मूळ रीत म्हणजे सपाट गोल पत्रा लोखंडी ठोकळ्यावर ठेवून बाहेरून हातोड्याने एकेक फेरी ठोकत वर उभारणे. ठोक्यांनी धातू कडक होतो. तो तडकू नये म्हणून पुनःपुन्हा तापवून मऊ करावा लागतो आणि मग पुन्हा ठोकावे लागते. आकार साधला की रुंद, गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने ठोके जुळवत पृष्ठभाग सारखा करतात. आपल्याकडील तांबट या कामाला मठारणे म्हणतात. कुशल कारागिराने मठारलेल्या पृष्ठभागावर नंतर घासकाम केले तरी तो यंत्राने लाटलेल्या पत्र्यासारखा निर्जीव सपाट होत नाही. प्रकाश त्यावर किंचित थरथरतो. जुन्या साध्या, नक्षीविरहित कॉफीपात्राचे सौंदर्य मुख्यतः या थरथरण्यात असते. राणी अ‍ॅनच्या काळातील साध्या भांड्यांचे जे कौतुक होते त्याचे कारण केवळ आकारातील संयम हे नसून, चूक झाकण्यासाठी तेथे नक्षीचा आडोसा नसतो, हेही आहे.

या कामात जाडी सर्वत्र सारखी नसते. जेथे ताण येणार तेथे, उदाहरणार्थ काठाशी आणि मुठीच्या जोडाशी, धातू राखून ठेवलेला असतो. मूठ, तोटी, पाय हे भाग ओतून केलेले आणि डाखाने जोडलेले असतात. नक्षीचेही दोन निराळे प्रकार आहेत. ठशांनी धातू दाबून वा मागून उठाव देऊन केलेल्या कामात धातू जागा बदलतो, कमी होत नाही. कोरीव कामात मात्र धारदार हत्याराने तो कापून काढला जातो. हा भेद तांत्रिक वाटला तरी स्थितीच्या दृष्टीने निर्णायक आहे. उठावाचे काम उजाळण्याने बोथट होते, पण त्याची सावली राहते. कोरीव रेषा उथळ होत होत एके दिवशी नाहीशी होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकप्रिय झालेले तिरक्या छेदांचे चमकदार कोरीव काम तर छेदांच्या कडा तीक्ष्ण असेपर्यंतच चमकते. कडा गोल झाल्या की नक्षी वाचता येते, पण तिचे तेज संपलेले असते.

आणखी एक खूण डोळ्यांना सहज दिसत नाही. स्टर्लिंगमध्ये तांबे असते. वारंवार तापवताना हवेतील प्राणवायू आत शिरून पृष्ठभागाखाली तांब्याचे करडे, किंचित जांभळट डाग तयार करतो. जुन्या कार्यशाळेत भांडे सौम्य आम्लातून काढल्याने वरच्या थरातील तांबे निघून जाई आणि जवळजवळ शुद्ध चांदीची पातळ त्वचा वर राही. अनेक पिढ्यांच्या घासण्याने ही त्वचा उंचवट्यांवर झिजते व खालचा डाग ढगासारखा उमटतो. अननुभवी ग्राहकास तो दोष वाटतो. जाणकारास तो मूळ पृष्ठभाग आणि नंतरची दुरुस्ती यांतील सीमारेषा दाखवतो. दुरुस्तीनंतर विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा दिलेले भांडे सर्वत्र एकसारखे पांढरेशुभ्र दिसते. दोनशे वर्षे वापरलेल्या भांड्याचे असे दिसणे संशयास्पद मानावे लागते.

नावाचा मोह

कारागिराच्या मुद्रेतील आद्याक्षरे ज्या व्यक्तीची, तिनेच ती वस्तू घडवली, ही समजूत अजूनही दृढ आहे. वस्तुतः ती मुद्रा कस लावण्यासाठी माल पाठवणाऱ्या, कायद्याने जबाबदार असलेल्या व्यक्तीची असते. हेलन क्लिफर्ड यांनी पार्कर व वेकलिन या लंडनच्या पेढीच्या १७६० ते १७७६ या काळातील व्यवहारांवर २००४ मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्यातून या व्यवसायाचे खरे चित्र स्पष्ट होते. एका पेढीच्या नावामागे चमचे करणारे, ओतकाम करणारे, कोरीव काम करणारे, उजाळणारे अशा कितीतरी स्वतंत्र कारागिरांचे जाळे होते. ग्राहकाला दिसे ती पेढी; हात इतरांचे असत.

पॉल द लामेरी (१६८८–१७५१) हा या नाममाहात्म्याचा सर्वांत ठळक विषय. फ्रेंच प्रोटेस्टंट निर्वासित कुटुंबातील हा कारागीर लंडनमध्ये पिएर प्लातेल याच्याकडे शिकला आणि १७१३ मध्ये त्याने स्वतःची मुद्रा नोंदवली. त्याच्या नावाची उत्तम भांडी खरोखरच उत्तम आहेत, यात वाद नाही. परंतु लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील १७२८–२९ चे वॉलपोल तबक पाहिले तर 'कारागीर कोण?' हा प्रश्न अवघड होतो. मुद्रा लामेरीची आहे. तबकावरील अप्रतिम कोरीव काम विल्यम होगार्थ याचे मानले जाते, आणि होगार्थने उमेदवारीच मुळी चांदीवर कोरीव काम करणाऱ्या एलिस गॅम्बलकडे केली होती. तबकाची चांदी पहिल्या जॉर्जच्या मृत्यूनंतर निरुपयोगी झालेल्या राजमुद्रेची. पत्रा कोणी ठोकला, कड कोणी ओतली, हे तबक सांगत नाही. तबक साध्या सपाट पृष्ठभागाचे आहे, आणि त्याचे सारे मोल त्या कोरीव रेषांच्या ताजेपणात सामावले आहे. हेच तबक एखाद्या घरात दर आठवड्याला खडूच्या भुकटीने घासले गेले असते, तर मुद्रा तीच राहिली असती आणि होगार्थचे काम मात्र उरले नसते.

हेस्टर बेटमन (१७०८–१७९४) हिचे प्रकरण वेगळ्या कारणाने बोधप्रद आहे. पतीच्या निधनानंतर १७६१ मध्ये तिने आपली मुद्रा नोंदवली आणि १७९० पर्यंत कौटुंबिक कार्यशाळा चालवली. लाटलेल्या पातळ पत्र्याचा वापर, मण्यांची कड आणि हलके कोरीव काम यांमुळे या कार्यशाळेचा माल मध्यमवर्गास परवडणारा होता. विसाव्या शतकात संग्राहकांनी, विशेषतः अमेरिकेतील संग्राहकांनी, हे नाव डोक्यावर घेतले. एका स्त्रीने अशी कार्यशाळा यशस्वीपणे चालवली हे महत्त्वाचेच आहे. मात्र तिची थोरवी व्यवसाय संघटित करण्यात होती. प्रत्येक चमच्यामागे तिचा हात शोधणे म्हणजे तिच्या खऱ्या कर्तृत्वाकडे दुर्लक्ष करणे आहे. शिवाय पत्रा पातळ असल्याने या भांड्यांना घासणे फार बाधते. आज आढळणाऱ्या अनेक किटल्यांचे काठ व कोपरे सुरीच्या धारेसारखे झाले आहेत, तरीही नावामुळे त्या चढ्या भावाने विकल्या गेल्या आहेत.

झीज, घासणे आणि फेरफार

चमचा ही या चर्चेसाठी सर्वांत उपयुक्त वस्तू. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील 'हॅनोव्हेरियन' चमच्याच्या दांड्याचे टोक वर वळलेले असते, कारण टेबलावर तो पालथा ठेवला जाई. साहजिकच कुलचिन्ह दांड्याच्या मागील बाजूस कोरले जाई. १७६० च्या सुमारास 'ओल्ड इंग्लिश' घाट आला, टोक खाली वळले, चमचा उताणा ठेवला जाऊ लागला आणि कुलचिन्ह पुढे आले. १७८० च्या सुमारापर्यंत मुद्रा दांड्याच्या खालच्या, अरुंद भागात उमटवल्या जात. तेथे त्या अनेकदा दबलेल्या व अस्पष्ट असतात. हा दोष वापराचा नसून जन्मजात आहे. नंतर मुद्रा रुंद टोकाकडे गेल्या आणि वाचनीय झाल्या. हे ठाऊक नसणारा ग्राहक १७४० चा चमचा 'मुद्रा पुसट' म्हणून बाजूला सारतो.

आता झीज. उजव्या हाताने जेवणाऱ्याच्या चमच्याचे टोक डाव्या अंगाने अधिक झिजते, कारण ताटलीशी त्याच कडेचा संबंध येतो. अनेक वर्षांनंतर चमच्याचा अंडाकार किंचित तिरका होतो. काट्याचे दात ताटलीवर टेकून टेकून आखूड होतात. ही झीज प्रामाणिक आहे. वस्तू ज्या कामासाठी घडवली ते तिने केल्याचा तो पुरावा आहे, आणि त्यातून घराच्या जेवणाच्या सवयीही कळतात. संशय यावा तो उलट प्रसंगी. दात आखूड असूनही सर्वांची लांबी अगदी सारखी आणि टोके रेखीव असतील, तर ते छाटून घेतलेले आहेत. टोकाचा पातळपणा गेलेला असेल पण चमचा आपल्या घाटाच्या मानाने तोकडा वाटत असेल, तर त्याची कड कापून गोल केली आहे. व्यापारी याला नीटनेटकी स्थिती म्हणतो. घडणीच्या दृष्टीने मात्र ही झिजेपेक्षा मोठी हानी आहे, कारण झिजलेल्या चमच्यावरून मूळ आकाराचा अंदाज बांधता येतो, छाटलेल्यावरून येत नाही.

घासण्याची हानी निराळी. श्रीमंत घरांत चांदी उजाळणे हे नोकरांचे रोजचे काम होते. खडूची भुकटी, पुढे लोह-ऑक्साइडची तांबडी पूड आणि अंगठ्याचा दाब, ही त्याची साधने. जोनाथन स्विफ्टने नोकरांसाठी उपरोधाने लिहिलेल्या सूचना १७४५ मध्ये त्याच्या निधनानंतर प्रसिद्ध झाल्या. चांदी घासल्यावर खडू सांदीकोपऱ्यांत दिसेल असा राहू द्यावा, नाहीतर मालकिणीस काम झाल्याचा विश्वास वाटणार नाही, असा सल्ला त्यात बटलरला दिला आहे. विनोद बाजूला ठेवला तर यातून एक वस्तुस्थिती कळते : स्वच्छता ही घराच्या प्रतिष्ठेची बाब होती आणि तिची किंमत पृष्ठभाग मोजत होता.

ही किंमत मोजण्याचे एक साधन खुद्द वस्तूवरच सापडते. पुष्कळ तबके व पात्रे यांच्या तळावर घडवली तेव्हाचे वजन ट्रॉय औंसात आणि पेनीवेटमध्ये ओरखडलेले असते. एक ट्रॉय औंस म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅम आणि त्याचा विसावा भाग म्हणजे एक पेनीवेट. समजा तळावर २० औंस कोरलेले आहेत आणि आज काटा १९ औंस १० पेनीवेट दाखवतो. अर्धा औंस, म्हणजे साडेपंधरा ग्रॅम चांदी, अडीच टक्के, कापडावर निघून गेली. एवढी तूट स्वाभाविक होय. तूट याहून बरीच जास्त असेल तर एखादा भाग काढलेला आहे, आणि वजन वाढलेले असेल तर काहीतरी जोडलेले आहे. लिलावसूची वजन देते, परंतु कोरलेल्या वजनाशी त्याची तुलना सर्वच सूचींत आढळत नाही. या एका आकड्याने 'उत्तम स्थिती' या शब्दांना अर्थ येऊ शकतो.

तिसरा प्रकार फेरफाराचा. कुटुंब बदलले की जुने कुलचिन्ह घासून काढून नवे कोरले जाई. अशा जागी पत्रा पातळ होतो आणि अंगठ्याने हलके दाबल्यास लवतो. पृष्ठभागावर फुंकर घातल्यास बाष्पात जुन्या रेषा आणि डाखाचे सांधे क्षणभर दिसतात. ही साधी परीक्षा पुष्कळदा मुद्राकोशापेक्षा अधिक सांगून जाते. व्हिक्टोरियन काळात जुने साधे चमचे घेऊन त्यांच्या वाटीत फळांचा उठाव काढण्याची आणि त्यावर सोन्याचा मुलामा देण्याची रीत पडली. अशा चमच्यांवर जॉर्जच्या काळातील मुद्रा आणि व्हिक्टोरियन रुची एकत्र नांदते. त्यांना सरसकट भ्रष्ट म्हणणे योग्य नाही. ते एका काळाने दुसऱ्या काळावर केलेले भाष्य आहे आणि त्याच नावाने त्याची नोंद व्हावी. टँकर्ड म्हणजे बिअरच्या झाकणदार पेल्याला तोटी बसवून त्याचा जग करणे ही मात्र वेगळी बाब आहे. भांड्याचा उपयोग बदलणारी अशी भर कस-कार्यालयाच्या संमतीविना घालणे इंग्लंडमध्ये कायद्यास मान्य नाही. १८४४ च्या कायद्यात हे तत्त्व आले आणि १९७३ च्या हॉलमार्किंग कायद्याने ते कायम ठेवले.

सर्वच फेरफार नंतरच्या काळातले नसतात, हेही ध्यानात घ्यावे लागते. १६९७ मध्ये नाण्यांच्या कडा कातरून व नाणी वितळवून त्यांची भांडी करण्यास आळा घालण्यासाठी भांड्यांच्या चांदीचा कस ९५८.४ पर्यंत वाढवण्यात आला. १७२० मध्ये स्टर्लिंग पुन्हा आले, पण औंसामागे सहा पेन्सचा कर घेऊनच. तो चुकवण्यासाठी काही कारागीर छोट्या वस्तूवर मुद्रा घेत आणि मुद्रेचा तेवढा तुकडा मोठ्या भांड्याच्या तळाशी डाखाने बसवत. स्वतः लामेरीलाही कारकीर्दीच्या आरंभी, माल कसासाठी न आणल्याबद्दल संघाने जाब विचारला होता. तेव्हा तळावरील सांधा दिसताच भांडे खोटे ठरत नाही. ते अस्सल असून करचुकवे असू शकते. मुद्रा खोटी आणि घडण खरी, असा हा विचित्र प्रकार केवळ मुद्राकोशाच्या आधारे उलगडत नाही. पत्र्याची जाडी, मठारण्याची खूण, डाखाचा रंग पाहावाच लागतो.

मोड

चांदीच्या भांड्याला जन्मापासून दोन किमती असतात. एक वजनाची, दुसरी घडणावळीची. अठराव्या शतकातील लंडनचा ग्राहक जुनी भांडी पेढीवर मोडीत देई, त्याचे वजन जमा धरले जाई, आणि नव्या भांड्याची घडणावळ तो वेगळी मोजे. मराठी घरांतील सराफी व्यवहाराशी परिचित असणाऱ्यास ही पद्धत मुळीच परकी वाटणार नाही. फॅशन बदलली की घडणावळ शून्य होई आणि वजन तेवढे उरे. सतराव्या शतकातील यादवी युद्धात तर अपार चांदी सैन्याच्या पगारासाठी वितळली. म्हणून त्यापूर्वीची इंग्लिश भोजनपात्रे दुर्मीळ आहेत.

घडणावळ शून्य ठरवण्याचे काम फॅशननंतर आता 'स्थिती' हा निकष करतो. जानेवारी १९८० मध्ये चांदीचा भाव औंसाला जवळजवळ ५० डॉलरपर्यंत चढला, तेव्हा मोठ्या प्रमाणावर जुनी भांडी वितळवली गेली. २०२५ मध्ये हा भाव ५० डॉलरच्या पुढे गेला. अशा वेळी भट्टीत प्रथम जाते ती लामेरीची तबके नव्हेत. जातात ते एकेकटे उरलेले, टोक झिजलेले, मुद्रा पुसट झालेले चमचे, ज्यांची सूचीतील नोंद 'झिजलेले' या एका शब्दात संपते आणि ज्यांचा भाव काट्यावर ठरतो. सुऱ्यांची गत तर याआधीच झाली आहे. पोलादी पाती गंजली, राळ भरलेल्या पातळ मुठी फुटल्या, आणि अठराव्या शतकातील सुऱ्यांचे पूर्ण संच आज क्वचितच पाहायला मिळतात. त्या काळच्या जेवणाच्या टेबलाचे चित्र म्हणूनच चमच्यांवरून आणि काट्यांवरून पुरे करावे लागते, आणि त्यांतही पालथे ठेवले जाणारे, मागील बाजूस कुलचिन्ह असणारे, डावे अंग झिजलेले हॅनोव्हेरियन चमचे जेवणाऱ्या हाताविषयी जे सांगतात ते कपाटात ठेवून कधीच न वापरलेला संच सांगू शकत नाही.